कुलूप अडकले तर

श्रावणातली गोष्ट. आम्ही नवराबायको विहिरीवर गेलो होतो. पोर पाळण्यात झोपले होते. कुत्रे घरात शिरते, म्हणून बाहेरून कुलूप लावले होते. परत आलो, तर किल्ली फिरेना! आत पोर जागे झाले. रडू लागले. चुलीत निखारे होते.

आम्ही घाबरलो. पकड आणली. पकडीने किल्ली पिरगाळली. किल्ली तुटली. अर्धी हातात, अर्धी कुलपात. शेजारी दगड घेऊन धावले. तेवढ्यात शेजारच्या काकू ओरडल्या, "अरे, कुलपाशी काय झटता? कोयंडा काढा की!" खरेच की! कुलूप लोखंडाचे, पण कोयंडा लाकडात ठोकलेला. त्यात पहारीचे टोक घालून जोर केला. कोयंडा निघाला. पोर सुखरूप होते.

मग आम्ही ते कुलूप किल्लीवाल्याकडे नेले. त्याने ते खोलून दाखवले. कुलपाच्या पोटात लहान लहान पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला स्प्रिंग असते. किल्लीचे दाते या पट्ट्या हव्या तेवढ्याच उचलतात. सगळ्या पट्ट्या जागेवर आल्या, की कुलूप उघडते. एक जरी पट्टी अडकली, तरी किल्ली फिरत नाही. आमच्या कुलपात काय निघाले? गंज, माती आणि गोड्या तेलाचा चिकटा. ते तेल आम्हीच घालत होतो! खाण्याचे तेल काही दिवसांनी चिकट होते. त्यावर धूळ बसते.

किल्ली फिरेना, तर आधी ती बाहेर काढावी. पुसावी. दुसरी किल्ली असेल, तर ती लावून पाहावी. रोजची किल्ली झिजते. तरीही फिरेना, तर शिसपेन्सिलीने किल्लीचे दाते काळे करावेत. (नाव शिसपेन्सिल, पण तिच्यात शिसे नसते. ग्राफाइट असते. ते गुळगुळीत असते.) मग किल्ली हळूहळू आत-बाहेर करावी. कुलूप खाली ओढू नये. त्याची दांडी थोडी आत दाबून धरावी आणि किल्ली फिरवावी. घाईत आपण नेमके उलटे करतो. कुलूप गंजले असेल, तर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत आणि थोडे थांबावे. मात्र तेल घातले, तर पेन्सिल लावू नये. दोन्ही मिळून चिखल होतो.

आता पोर घरात असले, की आम्ही कुलूप लावत नाही. कडीत नुसती काडी अडकवतो. कुत्र्याला तेवढे पुरते. पावसाळ्यात कुलपावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टांगतो. आणि दुसरी किल्ली काकूंच्या घरी ठेवली आहे.