जुना पूल, भुताची गोष्ट आणि आपली श्रद्धा



जुना दगडी पूल म्हटला की भुताची गोष्ट आलीच. "अमावास्येला तिकडून जाऊ नका," "तिथे पांढऱ्या साडीतली बाई उभी असते," "त्या पुलाला अधूनमधून एक जीव लागतोच," ही वाक्ये आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपली मुलेही ती ऐकतात आणि विचारतात, "फादर, भुते खरेच असतात का?" या प्रश्नाचे उत्तर हसण्यावारी नेऊ नये.

गोष्टी कोणत्या?

आपल्या लोकसमजुतीत पाण्याची भुते वेगळी मानली आहेत. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, डोहात साती आसरा राहतात, रात्री वाट चुकवतो तो चकवा. गोव्याशी नाते असलेल्या कुटुंबांनी बोरी पुलाची गोष्ट नक्की ऐकली असेल. जुवारी नदीवरच्या या पुलावरून रात्री एक स्त्री उडी मारताना दिसते. चालक घाबरून पुढे जातो, तर तीच स्त्री गाडीच्या मागच्या आसनावर बसलेली! सासष्टी तालुक्यातल्या जाकनीबांध पुलाविषयी सांगतात की, तिथे नदीत पडलेल्या बसमधल्या शाळकरी मुलांचे रडणे रात्री ऐकू येते.

अशा गोष्टी जगभर आहेत. अमेरिकेत शिकागोजवळ एका कॅथलिक दफनभूमीच्या रस्त्यावर गाडीत बसून मध्येच नाहीशा होणाऱ्या 'मेरी'ची कथा १९३० च्या दशकापासून सांगतात. ग्रीसमधल्या आर्ता येथील पुलाच्या लोककथेत पूल टिकावा म्हणून गवंड्याच्या बायकोला पायात चिणले जाते. नावे बदलतात, गोष्टीचा साचा तोच राहतो.

पुलावरच का?

पूल गावाच्या वेशीबाहेर असतो. खाली पाणी, आजूबाजूला अंधार, पुष्कळदा जवळच स्मशान. थंडीत नदीवर धुके धरते आणि गाडीच्या दिव्यात ते हलताना दिसते. जुन्या बांधकामाच्या खबदाडीत गव्हाणी घुबड राहते. त्याचे तोंड पांढरे आणि ओरडणे किंचाळल्यासारखे. कमानीखाली आवाज घुमतो. त्यातच चालकाला झोप नसेल, तर डोळे उघडे असूनही क्षणभर डुलकी लागते आणि समोर नसलेली माणसे दिसतात. गोष्ट आधीच ठाऊक असली, की जे दिसले त्याला मन लगेच नाव देते.

गोष्टीमागे काय झाकले जाते?

खरा मुद्दा इथे आहे. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेवर एकोणिसाव्या शतकातला शिवाजी पूल आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून येणारी मिनीबस त्याचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि १३ जण मरण पावले. पूल जुना आणि अरुंद होता. शेजारच्या पर्यायी पुलाचे काम तेव्हा कित्येक वर्षे रखडलेले होते. तो पूल नंतर पूर्ण झाला. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहनेही त्याबरोबर गेली.

अशा वेळी "पुलाने बळी घेतला" असे म्हटले, की चौकशी संपते. कठडा कुणी तपासायचा होता, पुरात वाहतूक कुणी थांबवायची होती, हे कुणी विचारत नाही. भुताला नोटीस बजावता येत नाही! शिवाय जे गेले ते कुणाचे तरी आईवडील, कुणाची तरी लेकरे होती. त्यांना भूत ठरवून करमणूक करणे हा त्यांच्या घरच्यांवर अन्याय आहे.

आपली श्रद्धा काय सांगते?

संत थॉमस अक्विनास यांनी शिकवले की आत्मा हे शरीराचे जीवनतत्त्व आहे. तो गाडीत बसून इकडेतिकडे हिंडणारा प्रवासी नव्हे. मेलेला माणूस देवाच्या हाती असतो, पुलाच्या ताब्यात नसतो. म्हणूनच मृतांना बोलावणे, त्यांना कौल लावणे ख्रिस्तसभा निषिद्ध मानते (अनुवाद १८; १ शमुवेल २८ मध्ये शौल राजाचे काय झाले ते वाचा). मृतांसाठी प्रार्थना मात्र ती आवर्जून करायला सांगते.

मत्तय १४ मधला प्रसंग आठवा. रात्र, वादळ, दमलेले शिष्य. पाण्यावरून येणारा येशू त्यांना भूत वाटला आणि ते ओरडले. येशूने त्यांची चेष्टा केली नाही, त्यांना धीर दिला आणि आपली ओळख पटवली. पुनरुत्थानानंतरही शिष्यांना तीच शंका आली, तेव्हा त्याने हातपाय दाखवले (लूक २४). भीतीवरचा उपाय हाच: जवळ जाऊन खरे काय ते पाहणे.

आपण काय करावे?

१. मुलांना भुताचा धाक दाखवून झोपवू नये किंवा जेवू घालू नये.

२. घरात कुणाला भास होत असतील, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

३. तरुणांनी भूत पाहण्यासाठी किंवा चित्रीकरणासाठी रात्री जुन्या पुलावर जाऊ नये. तिथला खरा धोका मोडका कठडा आणि भरधाव वाहने यांचा आहे.

४. पूल खचलेला किंवा कठडा तुटलेला दिसला, तर ग्रामपंचायतीला किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याला लेखी कळवावे.

५. अपघाताच्या जागेवरून जाताना मृतांसाठी एक 'हे आमच्या बापा' म्हणावी. नोव्हेंबरमध्ये ज्यांच्यासाठी मिस्सा सांगायला कुणी नाही, त्यांचीही आठवण ठेवावी.

घरी चर्चेसाठी: आपल्या घरात भुताची कोणती गोष्ट सांगितली जाते? तिच्यामागे कोणाचा खरा मृत्यू आहे का? त्या व्यक्तीसाठी आपण कधी प्रार्थना केली आहे का?

प्रभू तुम्हां सर्वांना निर्भय अंतःकरण देवो.

तुमचा धर्मगुरू