प्राण्यांची नावे काय सांगतात?

नवी भाषा शिकताना तिचे शब्द सुरुवातीला परके वाटतात. मराठी शिकताना तुम्हालाही तसेच वाटत असेल. पण हे शब्द खरोखरच परके आहेत का? प्राण्यांची नावे घेऊन पाहू या.

मराठीत 'हत्ती', तर उर्दूत 'हाथी'. दोन्ही शब्द संस्कृतातील 'हस्तिन्' या शब्दापासून आले. 'हस्त' म्हणजे हात. ज्याला हात आहे तो हस्तिन्. हत्ती सोंडेने फांदी मोडतो, ओझे उचलतो. म्हणून लोकांना ती सोंड हातासारखी वाटली.

आता या जोड्या मोठ्याने वाचा : वाघ–बाघ, विंचू–बिच्छू, वासरू–बछडा, वानर–बंदर. काही लक्षात आले? प्रत्येक जोडीचे मूळ एकच आहे. मुळातला 'व' मराठीने जपला. उर्दूत त्याचा 'ब' झाला.

मात्र येथे थोडे सावध राहा. मराठीत 'बंदर' म्हणजे माकड नव्हे, तर जहाजे थांबण्याची जागा. हा शब्द फारसीतून आला. तुमच्या 'बंदरगाह' या शब्दातला 'बंदर' तो हाच!

फारसीतून मराठीत असे पुष्कळ शब्द आले. 'जान' असलेला तो 'जानवर'. मराठीत त्याचे 'जनावर' झाले. गंमत अशी, की 'प्राणी' या संस्कृत शब्दाचा अर्थही तोच : ज्याला प्राण आहे तो.

'शुतुर' म्हणजे उंट आणि 'मुर्ग' म्हणजे पक्षी. उंटासारखी लांब मान असलेला पक्षी तो 'शुतुरमुर्ग'. हा शब्द मराठीत आला, तेव्हा 'मुर्ग'च्या जागी ओळखीचा 'मृग' येऊन बसला आणि झाला 'शहामृग'! हा पक्षी शहाही नाही आणि मृग म्हणजे हरीणही नाही.

तेव्हा मित्रांनो, अनोळखी मराठी शब्द भेटला तर घाबरू नका. तो नीट न्याहाळा. 'व'च्या जागी 'ब' ठेवून पाहा. कदाचित तो तुमच्या घरातलाच शब्द निघेल. मग वाक्यात तो अर्थ जुळतो का, हे मात्र तपासा. 'बंदर' विसरू नका.

वीस, वाळू, वीज : या शब्दांचे उर्दूतील भाऊबंद आता तुम्हीच शोधा.