अनाथ मूल, दत्तक आणि अडलेले कागद

आमच्या गावात ‘दत्तक’ म्हटले की पहिला प्रश्न जमिनीचा निघतो. पोटी मूल नसले की पुतण्याला मांडीवर घ्यायचे, दत्तविधान उरकायचे आणि वारस ठरला! ज्याचे आईबापच ठाऊक नाहीत अशा मुलाला घर मिळावे, हा विचार त्यात नसतो. महाराष्ट्राला मात्र तो नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आश्रयास आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी व सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. मूल वाचविणे आणि त्याला आईबाप देणे ही दोन्ही कामे एकाच उंबरठ्याच्या आत झाली.

आज ती निरनिराळ्या कचेऱ्यांत वाटली गेली आहेत आणि खरी अडचण मला तेथेच दिसते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सापडलेले मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. संस्था त्याला सांभाळते, पोलीस पालकांचा शोध घेतात, वर्तमानपत्रात सूचना निघते. पालक न मिळाल्यास दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत व त्याहून मोठ्याला चार महिन्यांत समितीने ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ घोषित करावयाचे असते. त्याशिवाय मूल दत्तक जात नाही, मग नाव नोंदवून बसलेली दांपत्ये कितीही असोत. पोलिसांचा ‘शोध लागला नाही’ एवढा एक अहवाल अडला की पुढचे सारे अडते. मुलाचे वय काही थांबत नाही, आणि बहुतेकांना हवे असते तान्हे मूल.

अर्थात नुसती घाई हाही उपाय नव्हे. स्वतःहून मूल सोपविणाऱ्या आईला कायद्याने फेरविचारासाठी साठ दिवस दिले आहेत. त्यांतला एकही दिवस कमी होऊ नये.

याहून बिकट स्थिती आईबाप असूनही ज्यांना वर्षानुवर्षे कोणी भेटावयास येत नाही अशांची. ती अनाथ ठरत नाहीत, म्हणून दत्तकाचा विषय कोणी काढत नाही, आणि घरीही कोणी नेत नाही. वस्तुतः त्यांतल्या काहींची अडचण केवळ दारिद्र्याची असते. तेथे बालसंगोपन योजनेचे साहाय्य देऊन मूल आजीकडे वा मावशीकडे ठेवता येईल. पण आजी आहे हे संस्थेला ठाऊक असते, योजना दुसऱ्याच कचेरीत असते आणि निर्णय समितीचा असतो! माझी सूचना साधी आहे. संस्थेतील भेटींची नोंदवही दर तीन महिन्यांनी समितीपुढे ठेवावी. त्याच बैठकीस पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि दत्तक संस्था यांचे प्रतिनिधी हजर असावेत, आणि सहा महिने ज्या मुलाच्या नावापुढे एकही भेट नसेल त्याचा विषय सर्वांत आधी घ्यावा.