फाटलेला आवाज आणि गिटारचा सूर

लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरचा आवाज फाटू लागला की आपण मंडपवाल्याला हाक मारतो. विद्युत गिटार वाजविणारा मात्र हाच दोष पैसे मोजून विकत घेतो आणि पायाशी ठेवून हवा तेव्हा वापरतो. त्या लहानशा पेटीला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आणि गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर गिटार आता नवलाची राहिलेली नाही. परंतु पेडल घेताना पुष्कळजण केवळ नाव ऐकून घेतात, आणि घरी गोड वाटलेला आवाज प्रत्यक्ष कार्यक्रमात ढोलकी व कीबोर्डच्या गर्दीत हरवून जातो. सेलूहून पेडल वाजवून पाहावयाचे तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते, नाही तर न पाहताच मागवावे लागते. विद्यार्थ्याच्या साठविलेल्या पैशांचा हा प्रश्न असल्यामुळे आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजून घेतलेले बरे.

जवारीचा दाखला

शुद्ध स्वरात मुद्दाम खरखर मिसळणे ही परदेशी लहर आहे, असे कित्येकांना वाटते. मला ते पटत नाही. आपला तानपुराच याला उत्तर आहे. तानपुऱ्याची घोडी सपाट नसते. तिला किंचित बाक दिलेला असतो. तार कंप पावताना त्या बाकाला पुनःपुन्हा घासते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीक धागा सरकवून कारागीर तो स्पर्श नेमका जुळवितो. यालाच जवारी लावणे म्हणतात. मिरजेच्या कारागिरांची ही कला प्रसिद्ध असून तेथील सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम आहे. तानपुऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांनी दाखविले. म्हणजे घोडीचा स्पर्श तारेच्या स्वरात नवे उपस्वर निर्माण करतो. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार गाणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. डिस्टॉर्शन पेडलही नवे उपस्वर निर्माण करते. फरक एवढाच की घोडीचे काम तेथे विजेचे मंडल करते.

आवाज फाटतो कसा?

गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युतदाब अल्प असतो. साधारण एक दशांश व्होल्टपासून एक व्होल्टपर्यंत. पेडल प्रथम तो अनेक पटींनी वाढविते, आणि मग डायोड नावाचे घटक त्याचे शेंडे छाटतात. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला व जर्मेनियमचा सुमारे ०.३ व्होल्टला वाहू लागतो. त्यापलीकडे लाट चढू शकत नाही. डोंगराचा माथा कापून पठार करावे तसा लाटेचा आकार होतो.

लाटेचा वरचा आणि खालचा भाग सारखाच छाटला गेला तर मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींचे उपस्वर मिसळतात. २४० कंपनांचा षड्ज घेतला, तर ७२० कंपनांचा पंचम व १,२०० कंपनांचा गंधार त्यात आपोआप येतो. छाटणी असमान असली तर दुप्पट, चौपट हे सम उपस्वरही येतात. छाटणीमुळे मोठा व लहान आघात जवळजवळ एकाच उंचीचे होतात, म्हणून स्वर लांबतो. गिटारचा स्वर एरवी लवकर विरतो. तो व्हायोलिनसारखा धरून ठेवता येणे हा पेडलचा मोठा लाभ होय.

थोडा इतिहास

आरंभी हा खरोखरच अपघात होता. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीतात ध्वनिमुद्रणयंत्रातील बिघाडामुळे गिटारचा आवाज फाटला, आणि तो तसाच ठेवण्यात आला. लोकांना तो आवडला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, असा आवाज देणारी 'मेस्ट्रो फझ-टोन' ही पेटी बाजारात आली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाजलेल्या गीतात ती वाजली आणि तिची मागणी वाढली. १९६६ मध्ये 'फझ फेस', १९६९ मध्ये 'बिग मफ', १९७८ मध्ये 'बॉस डीएस-१' आणि १९७९ मध्ये 'ट्यूब स्क्रीमर' अशी परंपरा पुढे चालली. यांतील बहुतेक नावांची पेडले आजही विकली जातात.

तीन जाती

पेडलांची नावे शेकड्यांनी असली तरी जाती मुख्यतः तीन आहेत.

ओव्हरड्राइव्हमध्ये छाटणी सौम्य असते. हळू छेडले तर स्वर स्वच्छ, जोरात छेडले तर खरखरीत. वादकाच्या हाताला ते ओळखते. ट्यूब स्क्रीमर या जातीचे. ते खर्ज कमी करून सुमारे ७०० कंपनांच्या आसपासचा मधला पट्टा पुढे आणते.

डिस्टॉर्शनमध्ये छाटणी कठोर असते. स्वर सतत धारदार राहतो व हातातील हलके-जड फारसे उमटत नाही. डीएस-१ हे त्याचे उदाहरण.

फझमध्ये लाट जवळजवळ चौकोनी होते आणि आवाज लोकरीसारखा दाट येतो. बिग मफ याच वर्गात धरतात. त्याचा मधला पट्टा दबलेला असतो, म्हणून एकट्याने वाजविताना ते भव्य वाटते आणि वाद्यवृंदात मागे पडते.

माणसाचा गळा, कीबोर्ड व गिटार यांची कानाला भिडणारी शक्ती मधल्या पट्ट्यातच असते. घरी एकटे बसून खर्ज व तीव्र स्वर वाढवावेत, मधले स्वर कमी करावेत, तर कानाला फार बरे वाटते. पण व्यासपीठावर खर्ज ढोल खातो, तीव्र स्वर झांजा खातात, आणि गिटारसाठी काही उरत नाही. म्हणून पहिलेच पेडल घेणाऱ्याने ओव्हरड्राइव्ह घ्यावे, असे माझे मत आहे.

सा-प आणि सा-ग

दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज व वजाबाकीही नवे स्वर म्हणून ऐकू येऊ लागते. षड्ज २४० व पंचम ३६० घ्या. वजाबाकी १२०, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्ज. बेरीज ६००, म्हणजे तार गंधार. दोन्ही पाहुणे घरचेच.

आता षड्ज २४० व शुद्ध गंधार ३०० घ्या. बेरीज ५४०, म्हणजे तार ऋषभ. तो या जोडीत परका आहे. त्यातच गिटारच्या पडद्यांवरचा गंधार ३०० नसून सुमारे ३०२.४ असतो. मग वजाबाकी ६० ऐवजी ६२.४ येते व खाली षड्ज न होता बेसूर घरघर होते. गिटारवादक फाटलेल्या आवाजात षड्ज-पंचमाचीच जोडी का वाजवितात, तिला 'पॉवर कॉर्ड' का म्हणतात, याचे कारण या साध्या गणितात आहे. पूर्ण कॉर्ड वाजवावयाची असेल तर छाटणी कमी करावी.

व्यासपीठावरचा प्रश्न

आपल्याकडे कार्यक्रमात गिटारची तार पुष्कळदा थेट मिक्सरला जोडतात. येथेच घोटाळा होतो. गिटारच्या ॲम्प्लिफायरमधील स्पीकर साधारण ५,००० कंपनांच्या वरचे स्वर फारसे देत नाही. मंडपातील ध्वनिक्षेपक मात्र सर्व काही देतो. छाटणीतून निघालेले अतितीव्र उपस्वर मग डब्यात भुंगे कोंडल्यासारखे ऐकू येतात. दोष पेडलचा नसतो. शक्य तर गिटारच्या ॲम्प्लिफायरसमोर ध्वनिग्राहक ठेवावा. नसल्यास स्पीकरचे अनुकरण करणारे उपकरण पेडलनंतर जोडावे. तेही नसल्यास टोनचे बटण व मिक्सरवरचे तीव्र स्वर बरेच उतरवावेत.

लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या बेंजोलाही, म्हणजे पिकअप बसविलेल्या बुलबुलतरंगालाही, हेच लागू आहे. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला तो याच वाद्यावर. त्याच्या तारा एकाच वेळी छेडल्या जातात, म्हणून तेथे छाटणी अधिकच जपून करावी.

वापराचे काही नियम

पेडलवर बहुधा तीन बटणे असतात : छाटणीचे, टोनचे व आवाजाचे. छाटणीचे बटण शून्यापासून हळूहळू वाढवावे आणि स्वर लांबू लागला की थांबावे. मंडल स्वराला शंभरपट वाढवीत असेल तर विजेच्या तारांची ५० व १०० कंपनांची गुणगुणही शंभरपटच वाढते. जादा छाटणीचा खर्च असा गोंगाटाने फेडावा लागतो.

क्रम असा ठेवावा : गिटार, मग डिस्टॉर्शन, त्यानंतर प्रतिध्वनीचे पेडल. उलट केले तर प्रतिध्वनीही छाटला जातो व सर्व गढूळ होते. जुन्या पद्धतीचे फझ मात्र गिटारला अगदी लागून असावे. गिटारवरचे बटण किंचित उतरविले की ते स्वच्छ होते.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मध्यभागी ऋण ध्रुव असलेला ॲडॉप्टर लागतो. घरातील दुसऱ्या उपकरणाचा ॲडॉप्टर खूण पाहिल्याशिवाय लावू नये. ध्रुव उलटे झाल्यास पेडल जळू शकते. बॅटरीवर चालणाऱ्या पेडलात गिटारची वायर आत खोचताच बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवावी.

खरेदीच्या वेळी मी सुचवितो ती कसोटी साधी आहे. तीन गोष्टी वाजवाव्यात : एक लांब स्वर, एक सा-प जोडी आणि एक पूर्ण कॉर्ड, प्रत्येक एकदा हळू, एकदा जोरात. लांब स्वर टिकला पाहिजे, जोडी घट्ट राहिली पाहिजे, आणि हात हलका केला असता कॉर्डमधले स्वर वेगवेगळे ओळखू आले पाहिजेत. शक्य असेल तेथे कोणी सोबत ताल धरीत असताना हे करावे. या कसोटीला उतरलेले स्वस्त पेडल, तिला न उतरलेल्या महागड्या नावापेक्षा कितीतरी चांगले.

जवारी लावणारा कारागीर धागा केसाइतका सरकवितो, थांबतो आणि ऐकतो. पेडलचे बटण फिरविणाऱ्याने त्याच्यापासून एवढे तरी घ्यावे.