प्रौढ वयातील व्यवसायांतर आणि पुनर्प्रशिक्षण

पवना नदीच्या काठचे पिंपळे सौदागर हे एकेकाळी शेतीवर जगणारे गाव. आज तेथे उंच गृहसंकुले उभी आहेत. नदीपलीकडे पिंपरी, कासारवाडी, भोसरी असा कारखान्यांचा पट्टा पसरला आहे. पुढे चाकणपर्यंत मोटारींचे व सुट्या भागांचे कारखाने आहेत. अशा परिसरात मनुष्याचा उद्योग आयुष्यभर एकच राहील, ही अपेक्षा फार काळ टिकणारी नव्हती. जमीन गेलेला शेतकरी, कारखाना बंद पडल्याने घरी बसलेला कामगार, कार्यालयातील कारकुनी सोडू पाहणारा पदवीधर, या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. पस्तिशी-चाळिशी उलटल्यावर हातात नवे कसब घेता येते काय?

या पट्ट्यातील एक उदाहरण बोलके आहे. आकुर्डी येथील बजाज ऑटोच्या कारखान्यातील दुचाकींचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्याच आवारात २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरचा नवा कारखाना सुरू झाला. नाव जुने, पण काम निराळे. या गाडीला कार्ब्युरेटर नाही, क्लच नाही, इंजिनाची टाकणटोकण नाही. तिच्या दुरुस्तीत विद्युतदाब मोजणे, जोडण्या तपासणे आणि विद्युत्कोषाजवळ काम करताना सुरक्षितता पाळणे यांना महत्त्व आले. इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या अनुभवी कारागिराचा कान येथे फारसा उपयोगी पडत नाही. मात्र दोष पायरीपायरीने शोधण्याची त्याची सवय पूर्ण उपयोगी पडते. पुनर्प्रशिक्षणात नेमके हेच पाहावयाचे असते : जुन्यातले काय बरोबर न्यावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे.

संस्थांची उणीव या परिसरात नाही. औंध येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, तर पिंपरीतील मोरवाडी येथे महानगरपालिकेची स्वतःची संस्था आहे. शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे असून कमाल वयाची अट नाही. ही गोष्ट अनेक पालकांना व शिक्षकांनाही ठाऊक नसते, आणि चाळिशीचा अर्जदार खिडकीपर्यंत येऊन संकोचाने परत जातो. जोडारी, कातारी, वीजतंत्री हे व्यवसाय दोन वर्षांचे, तर संधाता व नळकारागीर एक वर्षाचे आहेत. काही व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असण्याचीही अट नाही.

अडचण वयाची कमी आणि पोटाची अधिक असते. दिवसभराच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला बसावयाचे तर घरखर्च कोणी चालवावा? या प्रश्नाला कोणत्याही योजनेने अद्याप समाधानकारक उत्तर दिलेले नाही. केंद्र शासनाने १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन केला, तेव्हा उद्योगांच्या पुनर्रचनेत बाहेर पडणाऱ्या कामगारांचे पुनर्प्रशिक्षण हा त्याचा एक घोषित हेतू होता. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीची देणी भागविण्यात खर्च झाला. रक्कम मिळाली, कसब मिळाले नाही. राज्याने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना विद्यावेतन देते, पण ती १८ ते ३५ या वयोगटासाठी आहे. छत्तिसाव्या वर्षी नोकरी गेलेल्याला ती उपयोगाची नाही.

प्रत्यक्ष कर्मशाळेत प्रौढ शिकाऊ कसा वागतो, हेही निदेशकांनी समजून घ्यावे. जोडारी व्यवसायाचे पहिले काही आठवडे कानस चालविण्यात जातात. लोखंडाचा तुकडा शेगड्यात धरून सपाट करावयाचा, गुण्या लावून काटकोन पाहावयाचा, उजेड दिसला की पुन्हा घासावयाचे. सतरा वर्षांच्या मुलाला हे कंटाळवाणे वाटते. प्रौढ ते चिकाटीने करतो, पण चूक झाली की त्याला लाज वाटते आणि तो शंका विचारत नाही. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. व्हर्निअर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरचा फरक वाचताना चुका होऊ लागल्या, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. बुद्धीला दोष देण्याची घाई करू नये. भूमितीचा विसरही अशाच प्रकारे दूर होतो. ज्याने शेतावर बांध घातला किंवा दुकानात हिशेब ठेवला, त्याला माप आणि प्रमाण यांची जाण असतेच. तिला आराखड्याची भाषा जोडून द्यावी लागते.

ज्यांनी कामावरच कसब मिळविले आहे, त्यांना दोन वर्षे पुन्हा बाकावर बसविणे अन्यायाचे होईल. अशांसाठी दोन मार्ग आहेत. संबंधित व्यवसायात आवश्यक तितका अनुभव असल्यास खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेस बसता येते. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल विकास योजनेखाली पूर्वानुभवास मान्यता देण्याचीही तरतूद झाली. गृहसंकुलातील पंप, उद्वाहने, विजेचे फलक सांभाळणाऱ्या असंख्य माणसांजवळ काम आहे, पण कागद नाही. कागद नसल्याने त्यांची मजुरी मदतनिसाचीच राहते. विजेच्या कामात तर हा केवळ मजुरीचा प्रश्न नाही. परवान्याविना मांडणी करणे घरातल्यांच्या जिवाशी खेळणे होय.

पंचायत सदस्यांनी आणखी एका योजनेकडे लक्ष द्यावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी आदी १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. वयाची वरची मर्यादा नाही. वीजतंत्री वा संधाता यांचा मात्र त्यात समावेश नाही, तेव्हा अर्जदाराला आधीच तसे सांगितले तर त्याची एक फेरी वाचेल. या योजनेतील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडेच होते, आणि तेथे अर्ज पडून राहिला तर पुढची एकही पायरी सुरू होत नाही.