कोणता सिलिंडर रुसलाय, ते आधी शोध

अगं, गाडी मिस मारायला लागली की घरातला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. सासरे म्हणणार पेट्रोलात भेसळ आहे, दीर म्हणणार प्लग गेले, आणि गॅरेजवाला गाडी न बघता फोनवरच सांगणार, "घेऊन या ताई, कॉइल टाकून देऊ." तिघांपैकी एखादा बरोबर असेलही. पण कोण, ते कळायच्या आत तुझे पैसे गेलेले असतात. म्हणून सांगते, तू मिस्त्री होऊ नकोस. कोणता सिलिंडर पेटत नाही आणि कशामुळे, एवढंच घरी शोध. एवढं काम अंगणात होतं.

आधी खात्री कर की हे खरंच मिसिंग आहे. अल्टो के-१०, टियागो, एक लिटरची वॅगनार, क्विड या गाड्यांना तीनच सिलिंडर असतात. त्या उभ्या असताना थोड्या थरथरतातच, तो त्यांचा स्वभाव आहे. मिसिंगची थरथर एकसारखी नसते. इंजिन मधेच अडखळतं, सायलेन्सरचा आवाज फट्-फट् तुटक येतो, चढावर पिकअप मरतो, कधी मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. थरथर कधी होते तेही वहीत लिही: सकाळी थंड असताना, गरम झाल्यावर, एसी लावल्यावर, का पाऊस पडून गेल्यावर. चारचाकीचं अर्धं निदान या चार ओळींत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समोरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता पेटून राहिला, तर सावकाश चालवत घरी येता येतं. तो लुकलुकायला लागला, तर मात्र गाडी पुढे रेटायची नाही. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी तापून वितळते, आणि प्लगच्या खर्चाचं दुखणं कितीतरी पट महाग होऊन बसतं. नांदेडला माहेरी येताना अहमदपूर ओलांडल्यावर दिवा लुकलुकला, तर "आता लोहा आलंच की" म्हणत ओढू नकोस. एक्सिलेटर सोडून बघ. तरी दिवा थांबला नाही, तर गाडी डाव्या कडेला पूर्ण उतरवून बंद कर, चारही इंडिकेटर लाव, लेकरांना रस्त्यापासून लांब उभं कर. तो राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे, १०३३ नंबरला फोन लागतो.

घरी आल्यावर पहिलं काम स्कॅनरचं. साधारण २०१३ नंतरच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ एक सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतो आणि मोबाइलच्या अॅपशी जोडता येतो. चावी ऑन करून कोड वाच. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिस मारतोय, पी ०३०२ म्हणजे दुसरा, असं पी ०३०४ पर्यंत. पी ०३०० आला तर एकच सिलिंडर नाही, कधी हा तर कधी तो. सोबत दुसरे कोड असतील तर तेही लिहून घे. आणि लिहायच्या आधी ते पुसू नकोस, नाहीतर पुरावाच गेला.

कोडचा शेवटचा आकडा तुला अर्धा रस्ता दाखवतो. बघ, सगळे सिलिंडर एकाच टाकीतलं पेट्रोल पितात. मिसिंग एकट्या दुसऱ्याच सिलिंडरची असेल, तर सासऱ्यांच्या भेसळीचा प्रश्न तिथेच मिटला. तो दोष त्या सिलिंडरच्या कॉइलमध्ये, प्लगमध्ये, इंजेक्टरमध्ये नाहीतर आतल्या व्हॉल्व्हमध्ये असणार. पेट्रोल भरून निघालीस आणि लगेच पी ०३०० आला, तर मात्र पेट्रोलवर संशय घ्यायला जागा आहे.

इथेनॉलचंही सांगते, कारण हल्ली सगळं खापर त्याच्यावर फुटतं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. मांजरा नदीकाठचा ऊस ज्यांच्या शेतात उभा आहे, त्यांना इथेनॉल काही नवं नाही. त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अॅव्हरेज थोडं घटतं. ते पाणीही ओढून घेतं. अर्धी टाकी ठेवून गाडी अख्खा पावसाळा उभी राहिली, तर पाणी तळाशी बसून गाडी अडखळू शकते, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप लवकर थकू शकतात. पण एप्रिल २०२३ नंतरच्या गाडीचे पार्ट ते पेट्रोल सोसतील असेच बनवलेले असतात. तेव्हा इथेनॉलला शिव्या द्यायच्या आधी कॉइल तपास.

ती कशी तपासायची, ते अगदी सावकाश सांगते. सकाळी, इंजिन थंडगार असताना कर. चावी काढून खिशात ठेव. वरचं प्लॅस्टिकचं झाकण असेल तर उचल, खाली ओळीनं कॉइल दिसतील, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक. बहुतेक गाड्यांत बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला. तरी मॅन्युअलमध्ये बघून घे. पांढऱ्या चिकटपट्टीवर १, २, ३, ४ लिहून कॉइलींवर चिकटव. कनेक्टरची खिटी दाबून तो सोडव. आपल्याकडच्या उन्हाळ्यानं ही खिटी इतकी कडक झालेली असते की ओढलीस तर तुटते. म्हणून दाबायची, मग हलवायची. दहाच्या पान्यानं एक बोल्ट काढ, कॉइल डावी-उजवीकडे जरा फिरवून सरळ वर ओढ. खालच्या रबरावर भेग आहे का, पांढुरकी रेघ उमटली आहे का, ते बघ. खळग्यात पाणी किंवा ऑइल दिसलं, तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

समज कोड पी ०३०२ आहे. दोन नंबरची कॉइल तीनवर बसव, तीनची दोनवर. बाकी कशाला हात लावायचा नाही. कोड पुसून गाडी फिरवून आण. आता पी ०३०३ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल गेली. पी ०३०२ च राहिला, तर कॉइल चांगली आहे. मग त्याच पद्धतीनं दोन आणि तीनचे प्लग अदलाबदल कर. एका वेळी एकच वस्तू हलवायची, हे मात्र पाळ. कॉइल, प्लग, एअर फिल्टर सगळं एकदम बदललंस, गाडी सुधारलीही, तरी नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि चांगले पार्ट भंगारात जातात.

प्लग काढायच्या आधी खळग्यातली धूळ सायकलच्या पंपानं उडवून टाक, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लग पाना बहुतेक गाड्यांना १६ चा लागतो, काहींना १४ चा. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर सुखी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी कमजोर आहे. ओलसर, तेलकट काळं म्हणजे ऑइल वर चढतंय. पांढराफटक म्हणजे हवा जास्त किंवा उष्णता जास्त. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलायचे, इरिडियमचे लाखाच्या आसपास चालतात. इरिडियमचं टोक ब्रशनं घासू नकोस, आणि हातातून पडलेला प्लग बसवू नकोस. बसवताना आधी नुसत्या हातानं फिरव. अडला तर परत काढ, जोर लावू नकोस. हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की मोठं काम निघतं. वायसरचा नवा प्लग हातानं घट्ट झाला की पान्यानं साधारण अर्धा फेरा पुरे.

पी ०३०० असेल तर आधी हवेकडे बघ. सोयाबीनच्या राशी चालतात त्या दिवसांत खेड्याच्या रस्त्यावर दोन-चार चकरा झाल्या की एअर फिल्टर भुशानं भरतो. इंजिन चालू असताना कुठे "सूंऽऽ" असा आवाज येतो का ऐक. भेगाळलेल्या पाइपातून हवा आत शिरत असेल. धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी असते तिथे उंदीर वायरी कुरतडतात, टॉर्च मारून बघ. आणि सीएनजी असेल तर एक सोपी परीक्षा आहे. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते. गॅसवर मिस मारते आणि पेट्रोलवर ठीक चालते, तर बहुधा प्लग-कॉइल थकलेत.

काही गोष्टी मात्र तू करायच्या नाहीत. इंजिन चालू ठेवून कॉइल उपसायची नाही. तिच्यात हजारो व्होल्ट असतात. प्लग बाहेर काढून बोनेटखाली ठिणगी बघायची जुनी पद्धतही नको, शेजारी पेट्रोलची वाफ असते. डिझेल गाडीला तर ठिणगीचा प्लगच नसतो आणि तिच्या इंजेक्टरच्या नळीत भयंकर दाब असतो, त्याला हात नाही. गाडी वॉरंटीत असेल तर पाना न उचलता शोरूमला ने. आणि कॉइल-प्लग बदलूनही कोड जागचा हलला नाही, कूलंट कमी होतंय, पांढरा धूर येतोय, तर आपलं काम संपलं, पुढचं गॅरेजमध्ये.

तिथे गेल्यावर "गाडी झटके मारायली, बघा जरा" एवढंच सांगू नकोस. असं सांग: "दोन नंबर मिस मारतोय, कॉइल आणि प्लग अदलाबदल करून बघितले, कोड तिथेच आहे, आधी कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर तपासा." जुने पार्ट परत माग, नव्याचं बिल घे. मिस्त्री उत्तर मात्र तुझ्यासोबत आलेल्या पाव्हण्यांकडे बघून देईल, बघ तू. देऊ दे. तू पुढचा प्रश्न विचार. दुसऱ्या प्रश्नाला त्याला तुझ्याकडेच बघावं लागेल.