छावणीतून बोलताना

आम्ही औरंगाबादच्या छावणीतले. घरात मराठी, गल्लीत दखनी, रविवारची उपासना पुन्हा मराठीत. शेजारी वारकरी, मुसलमान, बौद्ध. यांच्यात राहून ख्रिस्ताविषयी कसं बोलावं आणि कधी गप्प बसावं, याची ही माझी टिपणं.

१. आधी ऐकावं. पैठण इथून ५० किलोमीटरवर. एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोघं एकमेकांची यथेच्छ उणी काढतात आणि शेवटी समेटाला येतात. नाथांना दोन्हीकडचे टोमणे पाठ होते. आपल्याला मात्र स्वतःचंच शुभवर्तमान पाठ असतं, आणि शेजारी एकादशी का धरतो हे विचारायचं राहून जातं.

२. चाल इथली असावी, पण पाठीशी सत्ता नसावी. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचलं. १६१६ साली ते गोव्यात छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. मराठीवरचं त्याचं प्रेम खोटं नव्हतं. पण त्याच गोव्यात, साष्टीत, आधी देवळं पाडली गेली होती, हे विसरून ती ओवी मला म्हणता येत नाही. म्हणून मला कवी ना. वा. टिळक जवळचे वाटतात. त्यांनी ख्रिस्तकथा कीर्तनात आणली, अभंगात आणली, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनच्या पगारावर राहून असला दरबार भरवणं अवघडच गेलं असतं, असा माझा कयास.

३. घाटी रुग्णालयात कुणाला डबा नेला तर डबाच द्यावा, सोबत पत्रक नको. अंथरुणाला खिळलेला माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही. त्याने स्वतः ‘प्रार्थना करा’ म्हटलं, तर करावी.

४. घरच्यांना घाई करू नये. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत नांदायला आल्यावरही आपलं सोवळं सांभाळत होत्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाने. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना सोवळं सुटण्याची ती हकिकत माझ्या लेखी कुठल्याही प्रवचनाहून वरची.

५. फरक झाकू नये. कुराणात मरियमच्या नावाचा सूरा आहे आणि मुसलमान शेजारी हजरत ईसांचं नाव अदबीने घेतात. तिथून बोलणं छान सुरू होतं. पुढे क्रूस येतो आणि वाटा वेगळ्या होतात. ‘शेवटी सगळं एकच’ असं म्हणून वेळ मारून नेली, तर त्यांचाही अपमान आणि आपलाही. मतभेद सांगावा, चहा संपवावा, ईदेला शीरखुर्मा खायला जावं.

६. नागसेनवनाकडचे बौद्ध मित्र एक प्रश्न हमखास विचारतात: तुमच्यात जात गेली का? बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजातल्या जातीवर सडेतोड लिहिलंय आणि या मित्रांनी ते वाचलेलं असतं. अशा वेळी ‘ख्रिस्तात भेद नाही’ हे गलतीकरांस पत्रातलं वचन पुढे करू नये. मी सरळ सांगतो, प्रभुभोजनाला एका पंगतीत बसतो, पण सोयरीक जुळवताना आमच्यातही मूळ गाव आणि आडनाव विचारलं जातं.